सरप्लस पावडर तपासून रायफलची काडतुसं भरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत काडतुसं घरी भरणाऱ्यांना लष्करी सरप्लस पावडरचा, म्हणजे लष्कराच्या शिल्लक साठ्यातून विकलेल्या काडतुसाच्या दारूचा, मोह सुटत नाही. डबा मोठा, पैसे कमी, आणि वर लेबल म्हणून एक नाव नि एक लॉट (म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा) क्रमांक. तिच्याबद्दल येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत दोन गोष्टींची गल्लत असते: पावडर धडधाकट आहे का, आणि ती नेमकी कोणती आहे. पहिलीचं उत्तर घरी अर्धंच मिळतं. दुसरीचं घरी मिळत नाही, ते डब्यासोबत यावं लागतं. खालची उत्तरं वाचताना हा फरक मनात ठेवा. नियम सगळे अमेरिकेतले आहेत.

१. सरप्लस पावडर दुकानातल्या पावडरीपेक्षा वेगळी कशी?

कारखान्यात पावडरीचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो. दुकानात पाउंडाच्या डब्यात येणारी पावडर बनवताना निरनिराळे लॉट मिसळून ती एका ठरलेल्या मापाला आणतात. म्हणूनच लोड मॅन्युअलमधला (कोणत्या काडतुसात किती पावडर भरायची याच्या तक्त्यांच्या पुस्तकातला) आकडा या वर्षीच्या डब्यालाही लागू पडतो आणि पाच वर्षांनी घेतलेल्या डब्यालाही.

लष्करी काडतुसांच्या कारखान्याला या मिसळणीची गरज नसते. त्यांच्याकडे दाब मोजायची यंत्रं असतात. नवा लॉट आला की ते चाचणी घेतात आणि हवा तो वेग नि दाब मिळेपर्यंत भरण्याचं वजन कमीजास्त करतात. म्हणजे एकाच नावाच्या दोन लॉटना वेगवेगळं वजन लागणं हे त्यांच्या लेखी रोजचंच. ही पावडर आपल्या हाती येते तेव्हा ती यंत्रं मात्र सोबत येत नाहीत.

सरप्लसमध्येही दोन जाती आहेत. एक, कधीच न भरलेली, मूळ डब्यातली. दुसरी, भरलेली काडतुसं मोडून परत काढलेली, जिला पुलडाउन म्हणतात. दुसरीबद्दल प्रश्न १३ पाहा.

२. हा प्रकार सुरू कधी झाला?

दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडची शिल्लक ४८९५ पावडर घेऊन नेमबाजांना विकायला सुरुवात केली. पुढे २० मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांतली संथ (सावकाश जळणारी) पावडर एच-४८३१ या नावाने आली, आणि मोठ्या केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) रायफली वापरणाऱ्यांची चांदी झाली. गंमत म्हणजे बॉल पावडरचा जन्मही सरप्लसमधूनच झाला. वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन पहिल्या महायुद्धातली जुनी तोफेची पावडर शुद्ध करून पुन्हा वापरायच्या खटपटीत होते, त्यातून १९३३ च्या सुमारास गोल दाण्यांची ही रीत निघाली.

३. डब्यावर डब्ल्यूसी ८४४ लिहिलंय. एच-३३५ चा तक्ता सरळ वापरू का?

तक्ता सुरुवातीपुरता वापरा. तक्त्यातला कमाल आकडा तुमचा नाही.

नाती साधारण अशी आहेत, आधी लष्करी नाव, मग दुकानी: डब्ल्यूसी ८४४ आणि एच-३३५, डब्ल्यूसी ८४६ आणि बीएल-सी(२). ८४४ ही ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसांतली, ८४६ ही ७.६२ नाटोमधली. ८६० आणि ८७२ या फारच संथ, .५० कॅलिबर आणि २० मिलिमीटरसाठीच्या. पण नातं म्हणजे तीच पावडर नव्हे. दुकानातली एच-३३५ मापाला आणलेली असते, तुमची ८४४ त्या कुटुंबातला एक सुटा लॉट असतो. एखादा लॉट पुस्तकाशी तंतोतंत जुळतो, एखादा तीनचार टक्के तेज (लवकर जळणारा) निघतो.

डब्ल्यूसी ८२० हे याचं सर्वांत वाईट उदाहरण. ती .३० कार्बाइनची पावडर. तिचे काही लॉट अक्युरेट नंबर ९ या दुकानी पावडरीच्या जवळ जातात, तर काही एच-११० च्या. नाव एकच आणि फरक एका पावडरीवरून दुसरीवर जाण्याइतका. विक्रेत्याने लॉट क्रमांक आणि त्या लॉटचा अनुभव सांगितला नाही तर ८२० घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. आयएमआर ४८३१ आणि एच-४८३१ एकच ना? आकडा तर तोच आहे.

एक नाहीत, आणि ही चूक महागात पडते. ड्यू पॉन्टने १९७० च्या दशकात आयएमआर ४८३१ बाजारात आणली ती हॉजडनच्या ४८३१ पेक्षा तेज होती. एच-४८३१ चा कमाल लोड आयएमआर ४८३१ ने भरला तर दाब मर्यादेबाहेर जातो. ४८९५ चंही तेच: एच आणि आयएमआर यांचे तक्ते वेगळे ठेवा. सरप्लसच्या डब्यावर नुसतं ‘४८३१’ लिहिलेलं असेल तर ती यांपैकी कुठलीच नाही असं धरून प्रश्न १० प्रमाणे सुरुवात करा, तीही दोन्ही तक्त्यांतला कमी आकडा घेऊन.

उलटा अपवादही आहे. एच-११० आणि विंचेस्टर २९६ ही दोन नावं एकाच पावडरीची, एच-४१४ आणि विंचेस्टर ७६० हीसुद्धा. नावावरून ना एकपणा कळतो ना वेगळेपणा.

५. पावडर खराब होते म्हणजे आत नक्की काय होतं?

स्मोकलेस पावडरचा पाया नायट्रोसेल्युलोज. फ्रान्सचे पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये त्यापासून पहिली वापरण्याजोगी पावडर बनवली. हा पदार्थ नुसता पडून असला तरी अतिशय सावकाश विघटित होत राहतो. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, ओलाव्याशी मिळून आम्ल होतात, आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. साखळी एकदा पकडली की पावडर आतून तापू लागते, आणि मोठ्या साठ्यात ती आपोआप पेटू शकते.

हे थांबवायला पावडरीत स्टॅबिलायझर घालतात, साधारण एक टक्क्याच्या आसपास. डायफिनाइलअमाइन हा त्यातला जुना आणि नावाजलेला, दुसरा एथिल सेंट्रलाइट. बाहेर पडणारे ऑक्साइड तो शोषून घेतो आणि स्वतः खर्च होत जातो. तो संपेपर्यंत पावडर ठीक.

हा धडा फ्रेंच नौदलाने फार मोठी किंमत देऊन घेतला. १९०७ मध्ये तुलाँ बंदरात ‘इएना’ युद्धनौकेवर दारूकोठारात स्फोट होऊन शंभरावर माणसं गेली, १९११ मध्ये तिथेच ‘लिबेर्ते’ उडाली आणि बळी दोनशेच्याही पुढे गेले. संशयाची सुई नासलेल्या पावडरीकडे होती. त्यानंतर फ्रान्सने स्टॅबिलायझर बदलला.

पावडरीचं वय सालात मोजण्यापेक्षा उष्णतेत मोजा. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. त्यामुळे थंड तळघरातली साठ वर्षांची पावडर उत्तम असू शकते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये काही उन्हाळे काढलेली त्याहून कितीतरी तरुण पावडर टाकून देण्याच्या लायकीची.

६. खराब झालेली ओळखायची कशी?

डबा उघडताच तोंड वर नेऊ नका. हाताने वारा घालून वास घ्या. चांगल्या पावडरीला ईथर, अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखा द्रावकाचा वास येतो. अनेक नवखे यालाच घाबरून चांगली पावडर फेकतात. नासलेलीचा वास आंबूस, तिखट असतो, नाकात झोंबतो आणि घशाशी येतो. दोन्ही एकदा हुंगले की पुन्हा गफलत होत नाही.

मग पावडर पांढऱ्या कागदावर पसरून चांगल्या उजेडात बघा. दाण्यांवर तांबूस, विटकरी धूळ, दाणे एकमेकांना चिकटलेले, ओतताना कागदावर उठणारा तपकिरी धुरळा: यांतलं काहीही दिसलं तर निकाल लागला. पत्र्याचा डबा आतून गंजला असेल तर गंज आणि नासणं यांत भेद करत बसू नका, कारण डबा आतून गंजायला बहुतेकदा तेच आम्ल कारण असतं. पारदर्शक भांड्यात वर तांबूस वाफ दिसली तर प्रकरण पुढे गेलेलं आहे. डब्याला हात न लावता लांब व्हा, आणि थेट प्रश्न १५ वर जा.

यांतल्या एका खुणेवरही पावडर बाद करा. ‘थोडीच नासली आहे, चांगल्यात मिसळून संपवू’ हा विचार करूच नका.

७. वास ठीक, रंग ठीक. म्हणजे पावडर चांगली ना?

आज ती उघडपणे वाईट नाही, एवढंच. स्टॅबिलायझर किती उरला आहे हे नाकाला कळत नाही. वास यायला लागतो तो स्टॅबिलायझर जवळपास संपल्यावर.

अमेरिकी लष्कर आपल्या साठ्यात हेच प्रयोगशाळेत मोजतं. परिणामकारक स्टॅबिलायझर ०.३० टक्के किंवा जास्त असेल तर लॉट पहिल्या श्रेणीत. ०.२० च्या खाली गेला की तो धोकादायक, नष्ट करायचा. शिवाय पिकॅटिनी आर्सेनल या लष्कराच्या शस्त्रसंशोधन केंद्रात लॉटचे नमुने ६५.५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून तांबूस वाफ कधी येते हे पाहतात. म्हणजे लष्करानेही नाकावर भरवसा ठेवलेला नाही.

आणि लष्कराने एखादा लॉट विकायला काढला तो का काढला, हेही विचारण्यासारखं आहे. कधी शस्त्र बाद झालेलं असतं, कधी साठा जास्त असतो, कधी वय झालेलं असतं. लुइझियानातल्या कँप मिंडनला ऑक्टोबर २०१२ मध्ये कोठाराचा स्फोट झाला. नंतरच्या तपासात तिथे तोफांच्या एम-६ पावडरीचा सुमारे दीड कोटी पाउंडांचा साठा धड न ठेवलेला सापडला. तो स्टॅबिलायझर संपण्याआधी जाळायचा कसा, यावर पुढे कित्येक महिने वाद चालला.

व्यवहारात याचा अर्थ असा: सरप्लस पावडर पाचपन्नास वर्षांसाठी साठवू नका. घ्या, वापरा, संपवा. दर सहा महिन्यांनी डबा उघडून वास घ्या आणि तारीख डब्यावरच लिहा.

८. मिथाइल व्हायोलेटची चाचणी घरी करता येईल का?

नाही. त्या चाचणीत सिंगल-बेस (नुसत्या नायट्रोसेल्युलोजची) पावडर १३४.५ अंशांवर तापवून मिथाइल व्हायोलेट लावलेल्या कागदाचा रंग किती वेळात जातो ते पाहतात, डबल-बेसची (जिच्यात नायट्रोग्लिसरीनही असतं) १२० अंशांवर. संशयास्पद पावडर मुद्दाम तापवणं हे संरक्षक आडोसा, नेमकं तापमान राखणारं उपकरण आणि जाणते हात असलेल्या प्रयोगशाळेचं काम आहे. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करण्याची कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडतंच. तेवढ्या उपद्व्यापात नवा डबा विकत येतो.

९. चिमूटभर पेटवून पाहिली, किंवा दाण्यांचा आकार पाहिला, तर कोणती पावडर आहे ते कळेल का?

पेटवून एवढंच कळतं की ही काळी दारू आहे की स्मोकलेस. काळी दारू भस्कन जाते, पांढरा धूर आणि राख सोडते. स्मोकलेस उघड्यावर पिवळ्या ज्वाळेने सरसर जळते. पण उघड्यावरचा वेग आणि नळीतला वेग यांचा काही संबंध नाही. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, आणि किती वाढायचा हे दाण्याचा आकार नि त्यावरचा लेप ठरवतो. उघड्यावर सारख्याच जळणाऱ्या दोन पावडरींपैकी एक रायफलीत शांत असेल आणि दुसरी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) अडकवेल.

दाण्यांचंही तसंच. लांबट नळीसारखे, चपटे, गोल यांवरून जात कळते, नाव कळत नाही. डझनभर पावडरी एकसारख्या दिसतात. ठरावीक मापाच्या चमच्यात किती वजन बसतं हे मोजणारेही आहेत. त्याने ‘ही ती नाही’ एवढं सिद्ध होऊ शकतं, ‘ही तीच आहे’ हे कधीच नाही.

म्हणून बिनलेबलची पावडर, कुणाच्या आजोबांच्या कपाटातल्या कॉफीच्या डब्यातली पावडर, फाटलेल्या लेबलवर पेनाने नाव लिहिलेली पावडर: काडतुसात नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. रायफल त्यांची, डोळे त्यांचे.

१०. नाव आणि लॉट खात्रीचा आहे. पहिलं काडतूस भरायचं कसं?

आधी डब्यावर लॉट क्रमांक, खरेदीची तारीख आणि विक्रेता ठळक लिहा. एका लॉटवरचं काम दुसऱ्या लॉटला लागू नाही. नवा डबा पण लॉट वेगळा असेल, तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या कुटुंबातल्या दुकानी पावडरीचा छापील तक्ता घ्या, तुमच्याच काडतुसाचा आणि तुमच्याच वजनाच्या गोळीचा. त्यातल्या सुरुवातीच्या लोडपासून आरंभ करा (अपवाद प्रश्न १२). केस, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी), गोळी बसवण्याची खोली सगळं एकच ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. लहान लहान पायऱ्यांनी चढा, प्रत्येक पायरीची मोजकीच काडतुसं भरा, आणि प्रत्येक गोळी क्रोनोग्राफवरून (वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) जाऊ द्या.

दाब मोजायला घरी दुसरं फारसं काही नसल्यामुळे वेगच तुमचा दाबमापक. फुकटचा वेग मिळत नाही. तक्त्यातल्या वजनापेक्षा कमी भरूनही तक्त्यातला वेग आला, तर तुमचा लॉट तेज आहे आणि दाबही तिथे पोचला आहे. तिथेच थांबा. तुमची नळी तक्त्यातल्या नळीपेक्षा आखूड असेल तर वेग थोडा कमी दिसणारच. तो भरून काढायला वजन वाढवणं ही नेहमीची चूक.

पावडर ग्रेन या बारीक वजनात मोजतात; आठ पाउंडांचा डबा म्हणजे ५६,००० ग्रेन. त्यातले काही शे ग्रेन तपासणीत गेले तर जीव जळायला नको.

११. प्रायमर चपटा नाही, बोल्ट सहज उघडतो. मग अजून वाढवू का?

जास्त दाबाच्या या खुणा उशिरा येतात. .२२३ ची कमाल मर्यादा ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड), .३०-०६ ची ६०,०००. पितळावर खुणा दिसायला लागतात तेव्हा दाब बरेचदा त्याच्या कितीतरी वर गेलेला असतो. मऊ प्रायमर लवकर चपटा होतो, कडक प्रायमर होतच नाही. खूण दिसली तर खाली या, पण दिसली नाही म्हणून वर जाऊ नका. मर्यादा वेगावरून ठरवा (प्रश्न १०).

गॅसवर चालणाऱ्या, म्हणजे नळीतल्या वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या, रायफलीत आणखी एक पेच असतो. १९६४ मध्ये एम-१६ साठी आयएमआर ४४७५ च्या जागी डब्ल्यूसी ८४६ चालेल असं ठरलं. गोळीचा वेग जमला, पण गॅसच्या छिद्रापाशी दाब वाढला, रायफल जास्त वेगाने चालू लागली आणि मळही साचू लागला. पुढे कमी कॅल्शियम कार्बोनेटवाली ८४४ आली. वेग जुळला तरी रायफलीला ती मानवेलच असं नाही, म्हणून केस किती लांब फेकली जाते आणि तिच्या कडेवर ओरखडे येतात का तेही बघा.

१२. शंका असली की कमी भरावं, हे नेहमीच सुरक्षित ना?

नेहमी नाही. एच-११० सारखी गोल दाण्यांची पावडर फार कमी भरली तर नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. तिच्यासाठी उत्पादक तक्त्यापासून तीन टक्क्यांहून खाली जाऊ नका म्हणतात. ८६०, ८७२ सारख्या अतिसंथ पावडरी मोठ्या केसमध्ये अर्धवट भरल्या तर दाब अनपेक्षितपणे उसळल्याच्या घटना आहेत. त्यामुळे खाली जायचं ते छापील सुरुवातीच्या लोडपर्यंतच. ८२० तेज की संथ हे माहीत नसेल तर सुरक्षित सुरुवातच सापडत नाही. तिच्यावर मी प्रश्न ३ मध्ये इतका चिडलो ते यासाठी.

१३. काडतुसं मोडून काढलेली पावडर घ्यावी का?

एका लॉटच्या काडतुसांतून, नीट चाळून, लॉट क्रमांकासह विकलेली असेल तर हो. पण त्यात गोळीच्या मानेवरच्या डांबराचे कण, वार्निशचे तुकडे, कधी ट्रेसरचा (उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळीचा) कचरा आणि सर्वांत वाईट म्हणजे दुसऱ्या लॉटचे दाणे असू शकतात. पांढऱ्या कागदावर पसरून दोन आकारांचे दाणे दिसले तर परत करा.

स्वतः जुनी काडतुसं मोडत असाल तर केसच्या आत बघा. हिरवट थर, गोळीच्या बुडाला हिरवा मेण, ठिसूळ झालेली मान म्हणजे पावडरीने आम्ल सोडलेलं आहे. ती पावडर बाद आणि ते पितळही बाद.

१४. साठवायची कशी? दोन डबे एकात ओतले तर चालेल?

ओतू नका. दोन लॉट मिसळले की दोन्हींची ओळख गेली.

पावडर मूळ डब्यात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. हे डबे दाब वाढला की लवकर फाटावेत असेच बनवलेले असतात. काचेची बरणी किंवा जाड लोखंडी पेटी त्याच्या उलट काम करते. झाकण घट्ट असावं, कारण उघडी राहून वाळलेली पावडर तेज होते आणि जुना लोड अचानक गरम वाटू लागतो. भरण्याच्या यंत्राच्या हॉपरमध्ये (वरच्या टाकीत) ती रात्रभर सोडू नका. एनएफपीए ४९५ या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकाप्रमाणे घरात २० पाउंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवता येते. २० ते ५० पाउंड असेल तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी कपाटात. स्थानिक अग्निशमन नियम याहून कडक असू शकतात, ते आधी विचारा.

मित्राला पोस्टाने पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. पोस्टाने पावडर पाठवायला बंदी आहे.

१५. बाद पावडर टाकायची कशी?

कचऱ्याच्या डब्यात नाही, गटारात नाही, आणि ‘नंतर बघू’ म्हणून कपाटाच्या मागे तर अजिबात नाही. वास बदललेली पण थंड असलेली थोडी पावडर उघड्यावर जाळता येते, जिथे स्थानिक नियम तशी परवानगी देतात तिथेच. सामी या उत्पादकांच्या संस्थेचं सांगणं असं: निर्जन मोकळी जागा, एक इंचाहून कमी जाडीचा थर, एका वेळी एका पाउंडाहून जास्त नाही, आणि पेटवायला सावकाश जळणाऱ्या वस्तूची लांब वात, म्हणजे ज्वाळा पोचेपर्यंत तुम्ही दूर गेलेले असाल. आधीच्या जागेवर लगेच दुसरा थर घालू नका, जमीन गरम असते.

डबा हाताला कोमट लागला, तांबूस वाफ दिसली किंवा साठा मोठा असला तर यातलं काहीच स्वतः करू नका. लांब व्हा आणि अग्निशमन दलाला फोन करून नाव, वजन आणि लॉट सांगा. डब्यावर लिहिलेली ती माहिती तेव्हा उपयोगी पडते.